‘भरधाव’ हा पुरावा नव्हे

अजिंठ्याच्या घाटात किंवा सिल्लोडच्या रस्त्यावर अपघात होऊन माणूस दगावला की फिर्यादीतला मजकूर बहुधा ठरलेला असतो: चालक गाडी भरधाव, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून मरणास कारणीभूत झाला. पुढे खालच्या न्यायालयात शिक्षा झाली आणि संभाजीनगरच्या सत्र न्यायालयात ती रद्द झाली, तर चावडीवरचा निवाडाही ठरलेलाच: चांगला वकील लावला, तांत्रिक मुद्द्यावर सुटला. हा निवाडा मला मान्य नाही. अशा खटल्यात अपिलाचे न्यायालय बहुतेक वेळा एकच गोष्ट करते. खालच्या न्यायालयात ‘कोण मेले’ या प्रश्नाखाली दबून गेलेला ‘चालकाने नेमके काय केले’ हा प्रश्न ते पुन्हा वर काढते. त्याला तांत्रिक म्हणणे म्हणजे गुन्ह्याच्या गाभ्यालाच तांत्रिक म्हणणे होय.

कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश हा खटला पाहा. 1982 च्या नोव्हेंबरात एक ट्रक नाला ओलांडताना उलटला आणि 15 माणसे गेली. एवढे मृत्यू समोर असताना चालकाला दोषी धरायला कोणीही कचरणार नाही. कनिष्ठ न्यायालयांनी त्याला दोषी धरलेही. पण साक्षीदारांनी सांगितले होते ते इतकेच की ट्रक जोरात होता. जोरात म्हणजे किती, रस्ता कसा होता, ट्रकमध्ये बिघाड होता का, यावर कोणी बोलले नाही. मोटार वाहन निरीक्षकाने ट्रकची तपासणी केली होती; तो अहवाल न्यायालयापुढे आला नाही आणि निरीक्षकाची साक्षही झाली नाही. उच्च न्यायालयाने चालकाला सोडले आणि 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम केली. नुसता जास्त वेग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, गुन्हेगारी गृहीत धरता येत नाही, हे त्या निकालाचे सार. यात तांत्रिक काय आहे? ज्याच्यावर सारा खटला उभा होता तो पुरावाच नव्हता.

यावर आक्षेप येईल की मग घाटात बेदरकार गाडी हाकणारे सगळेच सुटतील. उलट आहे. वेग सापेक्ष असतो. सरळ, रुंद, मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग काहीच नाही. अजिंठ्याच्या घाटातल्या वळणावर चाळीससुद्धा बेफिकिरी ठरू शकते. म्हणूनच ‘भरधाव’ या शब्दावर भागत नाही. चाकांच्या घसरणीचे ठसे किती लांब होते, रस्त्याची रुंदी किती, उजेड होता का, मक्याची ट्रॉली मागचा दिवा न लावता रस्त्यावर उभी होती का, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात आणि नकाशात आले तर खरा दोषी अपिलातही सुटत नाही. अपिलात टिकत नाही तो आळशी तपास. ‘घटनाच स्वतः बोलते’ असे म्हणून फौजदारी खटल्यात पुराव्याची जागा भरून काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सय्यद अकबर खटल्यात 1979 मध्येच सांगितले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चालक सुटला तर मेलेल्याच्या बायकामुलांनी कोणाकडे पाहायचे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालचा नुकसानभरपाईचा दावा फौजदारी खटल्यावर अवलंबून नसतो. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते तेवढे पाहतात. फौजदारीत चालक निर्दोष ठरला म्हणून भरपाई बुडत नाही, हे 1980 च्या एन.के.व्ही. ब्रदर्स खटल्यापासून स्पष्ट आहे. त्या कुटुंबाच्या दुःखाची भरपाई म्हणून चुकीच्या माणसाला तुरुंगात पाठवण्याची गरजच उरत नाही.

राहिला मुद्दा श्रीमंतच अपिलात सुटतात हा. नट सलमान खानला मोटार अपघाताच्या खटल्यात मे 2015 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. तेव्हापासून ‘अपील’ म्हटले की लोकांना तेच आठवते. त्या निकालाबद्दल कोणाचे काहीही मत असो, राग अपिलावर काढणे चूक आहे. आपल्याच राज्यातल्या महादेव हरी लोकरे खटल्यात एका साध्या बसचालकाची शिक्षा थेट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती: माणूस अचानक आडवा आला तर बस कितीही सावकाश असली तरी अपघात टळेलच असे नाही, म्हणून. चीड यायला हवी ती वेगळ्या गोष्टीची. नटाचे अपील सात महिन्यांत निकाली निघते आणि ट्रकचालकाच्या 1982 च्या अपघातावर शेवटचा शब्द यायला 1998 उजाडते. शिवाय चुकीच्या खटल्यात भरडलेल्याला भरपाई मिळवून देणारी खास कायदेशीर तरतूद विधी आयोगाने 2018 मध्ये, 277 व्या अहवालात सुचवली; ती अजून झालेली नाही.

आता तर चालकांचा धोका वाढला आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 ने निष्काळजीपणाने मृत्यूची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे केली. तरीही ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात सर्रास मिळतो. तो घातक आहे. स्वेच्छेने कबुली दिली की अपील उरते ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरते. दोषी की निर्दोष हा प्रश्न अपिलासाठी मिटतो. तेव्हा चालकबंधूंनो, चूक तुमची नसेल तर कबुली देऊ नका. शिक्षा झालीच तर निकालाची नक्कल ताबडतोब मागा, सत्र न्यायालयातल्या अपिलाची 30 दिवसांची मुदत चुकवू नका, आणि वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.