पाणी उजव्या हाताला

भंडारदऱ्याला मुक्कामी येणारा माणूस साधारण तीन गोष्टी करतो. पाण्याकाठी तंबूत झोपतो, चुलीवरची म्हणून सांगितलेली कोंबडी खातो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून जलाशयाला एक चक्कर मारतो. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसरी मात्र सायकलवर बसून करावी.

हे भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा 'बाईक राईड' असा शब्द माझ्या तोंडून गेला. तो पुण्याहून विचारतो, "मावशी, तू बुलेट कधी घेतलीस?" आपल्याकडे बाईक म्हणजे पेट्रोल पिणारी. पाय मारावे लागतात ती सायकलच. तो आपली घेऊन आला. एका बोटावर उचलता येईल अशी, बावीस गिअरची, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. माझी नाशकातली जुनी लोखंडी आहे. मागे सात गिअर आहेत, पण तिचं खरं वैभव म्हणजे कॅरिअर. "हे काढून टाक ना, उगाच दीड किलो," तो म्हणाला. मी काढलं नाही. ज्या पिढीने हाफ पायडल मारत सायकल शिकली आणि डबलसीट बसून कॉलेज केलं, तिला बिनकॅरिअरची सायकल अंगणाशिवायच्या घरासारखी वाटते.

मुंबईकरांना एक सांगून ठेवते. सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये बुक करून इगतपुरीला उतरावं आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या शेंडी गावाचा रस्ता धरावा. घोटीपासून पस्तीसेक किलोमीटर. कळसूबाई जवळ जवळ येत जाते, १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि बारीजवळचा घाट पोटऱ्यांची पहिली चौकशी करतो. संध्याकाळी शेंडीत पोचलात की जेवा आणि झोपा. जलाशयाची फेरी दुसऱ्या दिवशी.

आम्ही होळीच्या आधीच्या आठवड्यात गेलो. लोक पावसाळ्यात येतात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात, सोनकीने माळ पिवळे झालेले असतात तेव्हा. त्यांचं चुकतं असं नाही. पण ऐन पावसात शनिवार-रविवारी शेंडीच्या रस्त्यावर जी गाड्यांची रांग लागते, तिच्यात सायकल म्हणजे लग्नाच्या पंगतीत ताट घेऊन उभं राहणं. मार्चमध्ये रस्ता आपला असतो. पळस आणि पांगारा फुललेले असतात. डोंगर उघडे पडतात आणि त्यांची हाडं दिसतात.

फेरी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपासची. ती कुठल्या बाजूने सुरू करायची यावर आदल्या रात्री आमचं भांडण झालं. भाच्याचं म्हणणं, शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत आधी घाटघरला जाऊ, म्हणजे पाणी कायम डाव्या हाताला राहील. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा काठ अगदी लगत आणि फोटोही सोपे. मी उलट्या दिशेची. धरण ओलांडून दक्षिणेच्या काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, तिथून साम्रद, घाटघर, आणि परत. माझं कारण हवेचं होतं. सकाळी पश्चिमेकडे जाताना वारा पडलेला असतो आणि ऊन पाठीवर. दुपारी घाटमाथ्यावर कोकणातून वारा उठतो, तेव्हा तोंड पूर्वेला वळलेलं असतं आणि वारा पाठीला हात लावून ढकलतो. ऊन पुन्हा पाठीवरच. घरमालक मावशी भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या. त्यांनी निकाल दिला. "देवाला कसे फिरता? उजव्या हाताला ठेवूनच ना? मग झालं." भाच्याचं शास्त्र तिथे संपलं.

सहा वाजता धरणाच्या भिंतीपाशी आलो. भिंत ८२ मीटर उंच, दगडी बांधकामाची. काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. त्या वेळच्या गव्हर्नरचं, सर लेस्ली विल्सनचं नाव तिला मिळालं. १९६९ साली भिंतीला भेगा पडल्या होत्या, मग मागून दगडी टेकू देऊन ती सावरली. पर्यटक इथे येतो तो छत्री धबधब्यासाठी, आणि मार्चमध्ये छत्री मिटलेली असते, म्हणून आम्हाला भिंत नीट बघता आली.

भिंतीपासून सुरुवात करण्याचा फायदा असा की पाणी कुठे चाललंय ते आधी कळतं. प्रवरा खाली जाते. पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा कालवा निघतो आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडचं रान भिजवतो. त्याच पाण्यावर ऊस झाला, उसावर साखर कारखाने झाले, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. नगरकडची वर्तमानपत्रं दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या सुमारास 'भंडारदरा भरलं' ही बातमी घरात मूल झाल्याच्या आनंदाने छापतात. अकरा टीएमसी. खाली आवर्तन कधी सुटणार यावर मोर्चे निघतात.

आणि वर? वर मार्चमध्येच पाण्याची रेघ खाली उतरलेली असते. काठाला तांबूस मातीचा पट्टा उघडा पडतो, तो महिन्याभरात आणखी रुंद होईल. गाडीच्या काचेतून तो दिसत नाही असं नाही, पण दिसून गेलेला असतो. सायकलवर तो तासभर सोबत चालतो. मुतखेलच्या पुढे एका चढावर मी उतरून सायकल हातात धरून चालत होते. (त्यात लाज कसली? सायकल माझी, चढ सरकारचा.) पुढून दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन येत होत्या. विहिरीला पाणी आहे का, असं विचारलं. "आता हाये," एक म्हणाली. "वैशाखात या." खाली हा एवढा जलाशय, आणि हंडा वरच्या झऱ्याचा. पाणी उताराने जातं आणि वस्त्या चढावर आहेत, एवढी साधी गोष्ट. चढ पायाने चढल्यावरच ती मला पटली. त्याआधी चार वेळा मी हा रस्ता गाडीतून केला होता आणि दर वेळी 'किती सुंदर' म्हणून परत आले होते.

सुंदर तर आहेच. कोलटेंभ्याच्या वळणावर समोर रतनगड उभा राहतो, माथ्यावरच्या नेढ्यातून आभाळाचा तुकडा दिसतो, शेजारी खुटा, आणि खाली पाण्यात हे सगळं उलटं. भाचा पुढे निघून गेला होता. तो परत मागे आला, कारण एकट्याने बघवेना.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या काळातलं मानतात. बारकाईने कोरलेलं आहे, आणि शेजारची पुष्करणी तर देवळापेक्षाही मला जास्त आवडते. तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती बसल्या आहेत, जणू पाण्याच्या कडेने सभा भरली आहे. प्रवरा या रतनगडाच्या कुशीतच उगम पावते. इथून निघालेली ही नदी नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, आणि तिथून पुढे गोदावरीला मिळते. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग नेवाशापर्यंत सायकलने जाऊ की. सगळा उतारच आहे." कल्पना वाईट नाही. मी डोक्यात ठेवली आहे.

जेवणाचं आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवावं. न सांगता गेलात तर घरात असेल ते मिळतं. आम्हाला नागलीची भाकरी, हरभऱ्याचं पिठलं आणि बुक्कीने फोडलेला कांदा मिळाला. एका पंजाबी थाळीच्या किमतीत दोघं जेवलो आणि ताकही प्यालो.

रतनवाडी ते साम्रद हा आठ-नऊ किलोमीटरचा तुकडा फेरीतला सर्वांत देखणा आणि सर्वांत खट्याळ. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं जंगल, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. डांबर दर पावसाळ्यात थोडं वाहून जातं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. तिथेच भाच्याच्या टायरची बाजू एका धारदार दगडाने चिरली. आत ट्यूब नव्हती, त्याऐवजी एक पांढरा चिकट द्रव होता. तो द्रव बाहेर येऊन रस्त्यावर सांडला, त्याच्या बुटांवर सांडला, चीर मात्र बुजेना. साम्रदकडून मोटारसायकलवर आलेला एक पोरगा थांबला. त्याने टायर उचकटलं, जुन्या टायरचा एक तुकडा आतून चिरेवर बसवला, माझ्या पिशवीतली जादा ट्यूब भरली आणि हवा मारली. ट्यूब माझ्या चाकाची, भाच्याच्या चाकाला किंचित जाड, पण बसली. पैसे विचारले तर तो हसला आणि म्हणाला, "बिनट्यूबचं टायर कुणी आणतं का डोंगरात?" पुढचे वीस किलोमीटर भाच्याने गिअरबद्दल एक शब्द काढला नाही.

साम्रदला सांदणची घळ आहे, पण ती पायी उतरायची गोष्ट. सायकलवाल्याने तिच्या तोंडाशी डोकवावं आणि निघावं. मला तिथून आजोबाचा डोंगर बघायचा असतो, तो बघितला.

घाटघरला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. नगर जिल्ह्यातलं सर्वांत जास्त पावसाचं गाव, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. मार्चमध्ये या आकड्यावर विश्वास बसत नाही. कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली शहापूर तालुका धुरकट दिसतो, आणि अलंग, मदन, कुलंग हे तिघे भाऊ रुसल्यासारखे एका रांगेत. इथला वीजप्रकल्प मला फार आवडतो. अडीचशे मेगावॅटचा. विजेची मागणी असते तेव्हा वरच्या तळ्यातलं पाणी कड्यावरून खाली चोंढ्याकडे सोडून वीज करतात, आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. दिवसभर चढउतार करून थकलेल्या माणसाला ही व्यवस्था ओळखीची वाटते. फरक एवढाच की आम्हाला वर चढवायला कुणी नव्हतं.

वारा आला. ठरल्याप्रमाणे, पाठीमागून. घाटघर ते शेंडी हे वीस-बावीस किलोमीटर मी आयुष्यात इतक्या ऐटीत कधी काटले नव्हते. उडदावण्याजवळ शेतात राब भाजत होते. शेणी, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची आणि मग पहिल्या पावसाला त्यात भाताचं रोप टाकायचं. धुराचा तो वास नाकात बसला तो रात्रीपर्यंत. पांजऱ्याच्या खाली पाणी पुन्हा अगदी जवळ येतं. तिथे बसून उरलेली संत्री खाल्ली आणि साली पिशवीत टाकल्या. शेजारच्या झाडाखाली आदल्या रविवारच्या पार्टीच्या बाटल्या होत्या, त्याबद्दल काही लिहीत नाही, कारण लिहायला बसले तर सदर संपेल आणि राग उरेल.

एक गोष्ट मात्र लिहिते. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, याच रस्त्याच्या हिरड्या-सादड्यांवर काजवे लागतात. झाडच्या झाड एका लयीत उघडतं-मिटतं. ते बघायला गाड्या येतात, गाड्यांचे दिवे काजव्यांच्या खाणाखुणा पुसून टाकतात. नर-मादीचं बोलणंच प्रकाशाचं, त्यात आपण मध्येच झोत मारतो. तेव्हाही सायकल चालते असं कुणी सुचवेल. मी म्हणते, त्या रात्री तीही नको. दिवसा फिरा, अंधार पडला की पायी चला, टॉर्चवर लाल कागद बांधा.

ज्यांना पंचेचाळीस जमणार नाहीत, त्यांनी शेंडीहून रंधा धबधब्यापर्यंत जाऊन यावं. एका बाजूने दहा किलोमीटर. जाताना उतार आहे म्हणून हुरळू नये, परत यायचं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मुरशेतपर्यंत, आणि परत.

शेंडीत शिरलो तेव्हा साडेचार झाले होते. भाच्याच्या फोनने नकाशावर एक वाकडातिकडा निळा गोल काढून दाखवला आणि त्याखाली अंतर, चढ, सरासरी वेग. त्याने तो घरमालक मावशींना कौतुकाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला.

"म्हणजे मुतखेलवरून गेलात?"

"हो."

"आणि उद्या परत सायकल चालवणार?"

भाचा म्हणाला, सकाळी थोडी, निघण्याआधी.

त्या आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. नागलीचे पापड, कालच वाळलेले. मुतखेलला त्यांची बहीण असते, शाळेच्या मागचं घर. होळीच्या आत पोचायला हवेत, आणि गाडीतून येणाऱ्या पाव्हण्यांना सांगून उपयोग नाही, ते थांबत नाहीत. "सांभाळून न्या, मोडतील."

भाच्याने पिशवी हातात घेतली, आपल्या सायकलला पुढून मागून न्याहाळलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी कॅरिअरची स्प्रिंग उचलून धरली.