कोपीला दार हवं

बीड जिल्ह्यातल्या तेलगावला स्वतःचा साखर कारखाना आहे. तरीही दिवाळी उरकली की धारूर-वडवणीच्या बाजूची कितीतरी कुटुंबं मुकादमाची आगाऊ उचल अंगावर घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांवर निघतात. तिथे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. बांबू वाकवून वर ताडपत्री टाकली की झालं घर. वाकूनच आत शिरायचं, आत चूल, अंथरूण, धान्याचं पोतं आणि निजलेलं लेकरू. नळ नाही, दिवा नाही, न्हाणीघर नाही. बाया पहाटेच्या अंधारातच आडोसा शोधतात, पाळीच्या दिवसांतही उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहतात. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या हजारो बायांची गर्भाशयं काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं, चौकशी समितीही नेमली गेली. त्या दुखण्याची मुळं या बिनदाराच्या कोपीतही आहेत, असं माझं ठाम मत आहे. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघाली, हे चांगलंच झालं. या कामगारांच्या कल्याणासाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचेही ठरले. मग त्या पैशातून कोप्यांच्या तळावर पाणी, वीज आणि कडी लागणारी शौचालयं का होऊ नयेत? पुढच्या हंगामात ही सोय झाल्याशिवाय साखर आयुक्तांनी एकाही कारखान्याला गाळप परवाना देऊ नये.