पगारपत्रकातला दोनशे रुपयांचा धडा



टीव्हीवर विधानसभेतला गोंधळ पाहून वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, तिथे नुसते भांडतातच का?" तेव्हा मी २८८ आणि ७८ असे सदस्यांचे आकडे सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर माझ्याच पगारपत्रकात होतं.

आपला दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कर कापला जातो. आपण कुरकुरतो, मीसुद्धा! पण हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठी लावला गेला. शहरातल्या पगारदाराने द्यायचं आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळायचं, असा विचार त्यामागे होता.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पोहोचली. विरोधी बाकांवरचे शेकापचे, समाजवादी लोक सरकारवर तुटून पडत, मजुरांचे मोर्चे काढत. पण मागणी अशी की योजना नीट चालवा, कामं वाढवा. बंद करा असं नाही. १९७७ मध्ये कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यानंतर किती सरकारं आली-गेली, योजना कोणी मोडली नाही. २००५ चा केंद्राचा कायदा करतानाही महाराष्ट्राचाच अनुभव समोर होता.

माझ्या मते कायदा टिकला तो यामुळेच. नुसत्या बहुमताने झाला असता तर पुढच्या सरकारने त्याला 'त्यांची योजना' म्हणून बाजूला सारलं असतं. आणि एकमत म्हणजे गप्प बसणं नव्हे, भांडण तर भरपूर झालं.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या शहादा तालुक्यातून दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सोबत आपली मुलंही. हजेरीपटावर नाव राहतं, बाक रिकामा. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं किंवा बेरोजगार भत्ता द्यायचा, असं कायदा म्हणतो. पण त्यासाठी मागणी नोंदवावी लागते, आणि ते कितीतरी पालकांना माहीतच नाही. रोजगार हमीसाठी विधिमंडळाची सर्वपक्षीय समिती आहे, ती जिल्ह्यांत दौरेही करते. तिने रस्ते-बंधाऱ्यांसोबत एकदा आमचा डिसेंबरचा हजेरीपटही मागवावा.

मी मात्र दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत कामाच्या मागणीचा अर्ज फळ्यावर लिहून देणार आहे. तुमच्या शाळेत कोणी असं केलं असेल तर जरूर कळवा.