सवलत व्याजाला नको, घराला द्या

25 जून 2015 रोजी शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. पुढची काही वर्षे बदलापूर, नेरळ, विरार, बोईसरच्या स्टेशनांबाहेर एकच आकडा झळकत राहिला: 2.67 लाख. घर घ्या, सरकार तुम्हाला दोन लाख सदुसष्ट हजार रुपये देईल, असे बिल्डरांचे फलक सांगत होते. आकडा खरा होता, गृहकर्जाच्या व्याजावरचे अनुदान म्हणून पैसेही खरोखर मिळत होते. पण अशा मदतीमुळे गरीब माणसाचे घर होते, हा जो समज त्या फलकांबरोबर पसरला तो खोटा आहे. सप्टेंबर 2024 मध्ये योजनेचे दुसरे पर्व सुरू झाले आणि त्यातही व्याज अनुदानाची वाट कायम राहिली, म्हणून हा समज तपासून पाहणे आज जास्तच गरजेचे आहे.

समर्थकांची बाजू आधी पूर्ण ऐकून घेऊ. ते म्हणतात, पैसा थेट कर्जखात्यात जातो, मध्ये हात मारायला कोणाला जागा उरत नाही. घर कुठे घ्यायचे ते माणूस स्वतः ठरवतो, गावाबाहेरच्या सरकारी वसाहतीत त्याला कोणी नेऊन टाकत नाही. सरकारला विटा-सिमेंटच्या धंद्यात उतरावे लागत नाही, कागदपत्रांची छाननी बँका करतात. पहिल्या पर्वात सुमारे 25 लाख कुटुंबांनी हा लाभ घेतला. यातले एकही विधान मी नाकारत नाही. माझा आक्षेप या सगळ्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

ती पायरी म्हणजे बँकेचे दार. व्याजावर अनुदान मिळायचे तर आधी कर्ज मिळाले पाहिजे. वर्षाला तीन लाख, म्हणजे महिना पंचवीस हजार कमावणारे घर घ्या. त्यातला दहा हजारांचा हप्ता झेपतो असे मानले, तर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी जेमतेम साडेअकरा लाखांचे कर्ज बसते. तेही पगाराची पावती असेल तर. रिक्षावाल्याकडे ती नसते, धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे नसते, भाजीच्या गाडीवर रोज दोन हजारांची उलाढाल करणाऱ्याकडेही नसते. त्यांच्या कमाईचा एकही कागद बँकेच्या फाइलमध्ये बसत नाही. मग अनुदान जाते कुणाकडे? ज्याला कर्ज मिळणारच होते त्याच्याकडे.

सरकारलाही हे ठाऊक होते. अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी तांत्रिक गटाने 2012 मध्येच दाखवून दिले होते की शहरांत सुमारे 1 कोटी 88 लाख घरांचा तुटवडा आहे आणि त्यातला 95 टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा आहे. 2011 च्या जनगणनेत शहरांमध्ये सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी आढळली होती, तीही याच देशात. तरीही 2017 पासून वर्षाला 18 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना व्याज अनुदान लागू झाले, आणि पुढे त्यांच्यासाठी घराच्या चटईक्षेत्राची मर्यादा 200 चौरस मीटरपर्यंत वाढवली गेली. दोनशे चौरस मीटर म्हणजे एकवीसशे चौरस फुटांच्या वर. ज्या गटाच्या वाट्याला तुटवड्यातले पाच टक्केही येत नाहीत, त्याच्या एकवीसशे फुटांच्या घराला गरिबांच्या घरांसाठीच्या योजनेतून पैसे देणे मला अन्यायाचे वाटते. दुसऱ्या पर्वात उत्पन्नाची मर्यादा 9 लाखांवर आणली गेली, ही दुरुस्ती योग्यच झाली.

आता या दुसऱ्या पर्वाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी, कर्ज 25 लाखांच्या आत हवे, त्यातल्या पहिल्या 8 लाखांवर चार टक्के अनुदान मिळणार. जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. ठाण्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत 30 लाखांचे घर मिळाले असे धरा, जरी ते मिळणे आज कठीण आहे. कर्जाची कमाल मर्यादा 25 लाख, म्हणजे पाच लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी 2 लाख 10 हजार, नोंदणी 30 हजार, परवडणाऱ्या घरावरचा एक टक्का जीएसटी आणखी 30 हजार. किल्ली हातात पडायच्या आधी पावणेआठ लाखांच्या आसपास रोकड उभी करायची. त्यातले 2 लाख 70 हजार सरकारच घेते आणि नंतर 1 लाख 80 हजार पाच वर्षांत परत करते. घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते आणि शुल्क नेमके 1 लाख 80 हजार होते. एक हात केंद्राचा आणि दुसरा राज्याचा हे खरे, पण घर घेणाऱ्याचा खिसा एकच असतो. योजनेच्या प्रकल्पांतल्या गरिबांच्या घरांना नाममात्र मुद्रांक शुल्क लावण्याची तरतूद राज्याने केली आहे. तीच सवलत व्याज अनुदानास पात्र ठरलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी का मिळू नये? माणूस अडतो तो पहिल्या रोख रकमेपाशी. आईचे दागिने गहाण पडतात ते तिथे, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जातो तोही तिथेच.

शेवटचा आक्षेप सर्वांत मोठा आहे. जिथे जमीन तोकडी आहे आणि घरे हवी तितकी बांधता येत नाहीत, तिथे खरेदीदाराच्या हातात दिलेला जादा पैसा किमतीत मुरतो. हे इंग्लंडने करून पाहिले आहे. 2013 मध्ये तिथे ‘हेल्प टू बाय’ योजना आली. नव्या घराच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत सरकारी कर्ज मिळे, लंडनमध्ये 2016 पासून 40 टक्क्यांपर्यंत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कारोझी, हिल्बर आणि यू या अभ्यासकांनी योजनेच्या अटी जिथे बदलतात त्या सरहद्दींच्या दोन्ही बाजूंची घरे ताडून पाहिली. लंडनच्या वेशीवर घरांच्या किमती वाढल्या आणि बांधकाम मात्र वाढले नाही. वेल्सच्या सीमेवर जमीन मोकळी होती, तिथे बांधकाम वाढले आणि किमती स्थिर राहिल्या. 2022 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीनेही सांगितले की जिथे गरज सर्वांत जास्त आहे तिथेच या योजनेने किमती अनुदानाहून अधिक फुगवल्या. मुंबई महानगरातली जमिनीची टंचाई लंडनपेक्षा कमी नाही. इथे दिलेले व्याज अनुदान कुठे मुरणार हे त्यावरून ओळखता येते.

इथवर वाचून काही जण म्हणतील, मग अनुदानच बंद करा, करदात्यांचा पैसा वाटायचा कशाला? हेही मला मान्य नाही. ज्यांना हे वाटप खुपते त्यांनी आयकराच्या कलम 24 कडे पाहावे. राहत्या घराच्या कर्जावरच्या वर्षाला दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट वर्षानुवर्षे मिळत आली, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला आजही मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यात वर्षाला साठ हजार वाचतात. जो आयकर भरण्याइतकेही कमावत नाही त्याला यातला एक रुपया मिळत नाही. या सवलतीला कोणी खिरापत म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. घरासाठी सरकारी मदत हा गरिबाचा हक्क आहे. ती योग्य जागी पडावी एवढाच माझा आग्रह आहे.

योग्य जागा कोणती, हे सोलापूरने दाखवले आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरे उभी केली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या त्या वसाहतीचे उद्घाटन 2006 मध्ये मनमोहन सिंग यांनी केले. त्याच परिसरात रे नगर उभे राहिले. तीस हजार घरांचा हा प्रकल्प. त्यातली पंधरा हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी नरेंद्र मोदींच्या हस्ते लाभार्थ्यांना मिळाली. दोन्हींमागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांची आणि त्यांच्या कामगार संघटनेची चिकाटी होती, आणि दोन्हींना मदत करणारी सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती.

तिथे राहायला आलेल्या बाईचे काम डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलवून मऊ केलेली तेंदूची पाने, कात्री आणि दोरा. दिवसभर विड्या वळून हजारामागे मजुरी. हिला कोणती बँक स्वतःहून दारात उभी करील? रे नगरात जमीन संस्थेची होती, घराचा दर आधी ठरलेला होता, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख घराच्या किमतीलाच लागले. उरलेल्या रकमेसाठी या कामगारांनाही कर्ज काढावे लागले आणि त्याची झळ त्यांनी सोसली. पण अनुदान कोणाच्या नफ्यात जिरले नाही, कारण किंमत वाढवायला तिथे कोणी मोकळाच नव्हता.

यावर उत्तर येईल की सरकारी वसाहती लांब असतात, राहण्याजोग्या नसतात. काही तशा असतात, हे खरे आहे. मुंबईत माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतल्या प्रदूषणात लोकांना राहायला भाग पाडू नका, असे उच्च न्यायालयाला 2019 मध्ये सांगावे लागले. पण माहुलला माणसे नेऊन ठेवली होती आणि कुंभारीला ती स्वतः संस्था काढून, वर्गणी भरून, मोर्चे काढून गेली. घर कुठे आणि कसे हवे हे ठरवण्यात राहणाऱ्याचा हात असला की वसाहत टिकते.

राहिला जमिनीचा प्रश्न. दुसऱ्या पर्वात छोट्या कर्जदारांसाठी कर्जहमी निधी आहे, भाड्याच्या घरांसाठी तरतूद आहे. दोन्हींचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र जमिनीवाचून दोन्ही अपुरी पडतील, आणि जमीन सरकारकडे आहे. राज्याच्या सिडको महामंडळाने नवी मुंबईसाठी शेतकऱ्यांची जमीन सार्वजनिक कामाच्या नावाने घेतली आणि आज तिथले भूखंड निविदा काढून सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकले जातात. त्या बोलीतून आजूबाजूच्या प्रत्येक घराचा भाव ठरतो. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात 20 टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम 2013 पासून आहे. भूखंडाचे तुकडे पाडून ही अट चुकवल्याच्या तक्रारी नाशकातून थेट विधिमंडळात गाजल्या. केंद्राच्या व्याज अनुदानाची वाट न पाहता राज्य सरकार दोन गोष्टी आजच करू शकते: प्रत्येक मोठ्या शहरातल्या या 20 टक्के घरांचा हिशेब नावनिशीवार जाहीर करायचा, आणि सार्वजनिक भूखंडांच्या लिलावातला ठरावीक वाटा कामगारांच्या गृहनिर्माण संस्थांना संपादनाच्या दराने द्यायचा.