वारलेल्या लेकीची मुले आणि आजोबांची जमीन

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील आमच्या डोईफोडियासारख्या गावी देवळाच्या पारावर एक सिद्धान्त नित्य ऐकू येतो : आजोबांची जमीन ती वडिलोपार्जित, आणि तीत नातवाचा हक्क जन्मापासूनचा. त्यासाठी विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेची साक्ष काढली जाते. ती साक्ष खोटी नव्हे. पण मध्ये १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा होऊन गेला, ह्याची दाद कोणी घेत नाही.

आजोबांनी स्वकष्टाने घेतलेले केळीचे शेत ह्या कायद्यान्वये वारसाहक्काने मुलाकडे आले, तर ते त्या मुलाचे स्वतःचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन खटल्यात सांगितले. बाप जिवंत असता नातवाने त्यावर दावा सांगण्यास आधार नाही. एकत्र कुटुंबाच्या जुन्या मिळकतीची गोष्ट निराळी. तेथे जन्मसिद्ध हक्क आजही आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो लेकीलाही मिळाला.

हे सारे निव्वळ अज्ञान असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु हे अज्ञान मोठे सोयीचे आहे! जो गृहस्थ स्वतःला आजोबांच्या जमिनीचा जन्मतः मालक म्हणवितो, तोच आजोबांच्या हयातीत वारलेल्या आत्याची मुले दाराशी आली की त्यांना परक्या कुळातली ठरवितो. वस्तुतः ही मुले, मुलगे आणि मुली दोन्ही, १९५६ पासूनच पहिल्या वर्गातील वारस आहेत. आई हयात असती तर तिला जो वाटा मिळता, तो त्यांना मिळून मिळतो.

आजोबांनी मृत्युपत्राने स्वकष्टाची मिळकत दुसऱ्या कोणास दिली, तर इलाज नाही. (गोमंतकीय वाचकांना हे विचित्र वाटेल, तेथे संततीचा अर्धा हिस्सा मृत्युपत्रानेही सहसा तोडता येत नाही.) पण मृत्युपत्र नसताना काय चालते? इकडे ज्याला फौती नामांतरण म्हणतात, त्यासाठी पटवाऱ्यापुढे वंशावळ ठेवली जाते आणि तीतून वारलेली लेक तिच्या मुलांसह गाळली जाते. नामांतरण हे महसुलाच्या सोयीसाठी असते. त्याने कोणाची मालकी बुडत नाही. तरीही त्या पोरक्या मुलांना पुढे वाटणीसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ती चढण्याचे बळ किती जणांत असते?

नवरात्रात कुमारिकांचे पाय धुणाऱ्या हातांनी अशा वंशावळीवर पंच म्हणून सही होते तरी कशी? सही मागावयास येणाऱ्याला, घरात लेकी किती होत्या, एवढे तरी विचारा.