समेवर येण्याचा खेळ

प्रारंभिक परीक्षेला बसलेल्या मुलाला झपताल विचारा. मात्रा 10, विभाग 4, टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, खाली सहावीवर, हे तो एका दमात सांगेल. मग तबला सुरू करून सम दाखवायला सांगा. बरेचदा हात अडखळतो. दोष मुलाचा नाही. शास्त्राच्या नावाखाली आपण त्याच्याकडून व्याख्या घोकून घेतल्या आणि कान मात्र रामभरोसे सोडला. ही फट खेळाने बुजते, असं माझं मत आहे. अट एकच, तो खेळ कानाने खेळावा लागला पाहिजे. 'यमनचा वादी कोणता?' असे प्रश्न मोबाइलवर विचारून बरोबर उत्तराला फुगे उडवले, तर ती लेखी परीक्षाच, फक्त नटवलेली.

तिहाईचंच बघा. त्रितालात समेपासून निघायचं, 5 मात्रांचा तुकडा तीनदा म्हणायचा, मधल्या दोन्ही जागा सारख्या ठेवायच्या आणि शेवटचा 'धा' समेवर आणायचा. किती थांबायचं, ते मुलांनी शोधायचं. दोन मात्रा थांबलं की 'धा' समेच्या पुढे निसटतो, अजिबात न थांबता म्हटलं की आधीच पडतो. एक मात्रा सोडली की 5, 1, 5, 1, 5 मिळून सतरावी मात्रा, म्हणजे पुढची सम, आणि वर्गात आपसूक 'वाः!' निघतो. सम म्हणजे काय, हे मग फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

संगीत ही साधना आहे, पोरखेळ नव्हे, असं जाणकार म्हणतील. पण सात स्वरांच्या उलटापालटीतून 5040 क्रम काढणारा मेरुखंड किंवा मैफलीतले सवाल-जवाब खेळकर बुद्धीशिवाय सुचले असतील का? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच; एकात गंधाराचं राज्य, दुसऱ्यात धैवताचं. स्वरांच्या चिठ्ठ्या जुळवणाऱ्या खेळात दोन्ही एकाच डब्यात पडतील. हे मान्य. रागाचा स्वभाव गुरूसमोर बसूनच कळतो, खेळाने तिथे लुडबुड करू नये.

माझी खरी तक्रार 'बाद' होण्याच्या नियमाबद्दल आहे. ज्याचा कान कच्चा, तो पहिल्याच फेरीत बाहेर बसतो, आणि सराव हवा असतो नेमका त्यालाच. तेव्हा शिक्षकांनो, खेळ जरूर घ्या, पण चुकणाऱ्याला रिंगणातच ठेवा.