पट्टा धावतो आणि अडतो

परळ-लालबागच्या कित्येक गिरण्यांची चाकं 1982 च्या संपानंतर थांबली ती थांबलीच. त्या जमिनींवरच्या टॉवरांत आता ट्रेडमिलचे पट्टे फिरतात. अडतातही! पट्टा चार-पाच सेकंद धावून थबकला, की मालक मोटरवर खापर फोडून मोकळा. दोष पुष्कळदा बिचाऱ्या स्पीड सेन्सरचा असतो. पुलीवरचं इवलंसं लोहचुंबक दर फेरीला त्याच्यासमोरून जातं, त्या ठोक्यांवरून वेग कळतो. सेन्सर जरा सरकला तरी ठोके हुकतात आणि कंट्रोलर मोटरच बंद करतो. म्हणून जाणता मेकॅनिक प्लग काढून आधी सेन्सर आणि चुंबकामधली फट बघतो. जळका वास आलाच, तर मोटरचे कार्बन ब्रश आणि पट्ट्याखालचं सिलिकॉन तेल तपासतो.